उबंटू लिनक्स २२.०४ टाकल्यावर आर्डुइनो नॅनोचा पोर्ट गायब, यूएसबीएएसपी प्रोग्रामर फक्त सुडोने (ॲडमिनच्या हक्कांनी) चालतो

फ्यूजबिट_उलटा
उबंटू २०.०४ काढून २२.०४ कोरी टाकली. होम (माझ्या फाइलींचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर आहे, ते तसंच ठेवलंय. आता तीन गोष्टी अडल्यात.

१. सीएच३४० या यूएसबी-सिरीयल चिपचा क्लोन नॅनो: केबल लावली की टीटीवाययूएसबी० हा पोर्ट दिसतो आणि एकदोन सेकंदांत नाहीसा होतो. एलएसयूएसबीच्या (जोडलेल्या यूएसबी उपकरणांच्या) यादीत मात्र चिपचा क्रमांक १ए८६:७५२३ कायम आहे.
२. यूएसबीएएसपी (चिपमध्ये थेट कोड भरणारा प्रोग्रामर): त्याचं सॉफ्टवेअर एव्हीआरड्यूड सुडोने व्यवस्थित चालतं, साध्या युजरने 'डिव्हाइस सापडत नाही'. ९९-यूएसबीएएसपी.रूल्स नावाची यूडेव्हच्या (उपकरणांचे हक्क ठरवणाऱ्या सेवेच्या) नियमांची फाइल लिहिली, त्यात यूॲक्सेस टॅग दिला. फरक शून्य.
३. ईएसपीटूल (ईएसपी चिपमध्ये कोड भरणारं साधन): पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजेसच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) होतं, आता 'मॉड्यूल नाही' म्हणतं.

केबल बदलून झाली. सीएच३४० चा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करावा का?

पुलअप_दहा_के
ड्रायव्हरच्या वाटेला जाऊ नका. सीएच३४१ हे या चिपचं मॉड्यूल (ड्रायव्हर) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतं, आणि पोर्ट क्षणभर का होईना दिसतो म्हणजे ते लोडही होतंय. तयार झालेला पोर्ट दुसरं कुणीतरी हिसकावतंय.

बोर्ड काढून परत लावा आणि लगेच 'सुडो डीमेसग' देऊन कर्नलचे संदेश बघा (२२.०४ वर सुडोशिवाय ते काही दाखवत नाही). शेवटच्या ओळींत 'क्लेम्ड बाय सीएच३४१ व्हाइल बीआरएलटीटीवाय सेट्स कॉन्फिग' असं काही आणि त्याखाली 'डिस्कनेक्टेड' दिसलं, की चोर सापडला. बीआरएलटीटीवाय ही ब्रेल डिस्प्लेसाठीची सेवा आहे. एका ब्रेल उपकरणात हीच चिप, हाच १ए८६:७५२३ क्रमांक आहे. त्यामुळे तुमचा नॅनो ब्रेल डिस्प्ले समजून ती सेवा त्याचा ताबा घेते.

मशिनवर ब्रेल डिस्प्ले कुणी वापरत नसेल तर 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' आणि बोर्ड पुन्हा लावा, एवढंच. वापरत असेल तर पॅकेज ठेवा. यूएसआर-लिब-यूडेव्हमधली ८५-बीआरएलटीटीवाय.रूल्स फाइल त्याच नावाने ईटीसी-यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये कॉपी करा आणि त्या कॉपीत १ए८६/७५२३ च्या ओळीआधी हॅश चिन्ह टाका, म्हणजे ती ओळ वगळली जाईल. नाव तेच असलं की ईटीसीतली फाइल वरचढ ठरते. मूळ फाइलमध्येच खोडाखोड केलीत तर पॅकेजच्या पुढच्या अपडेटला ती पुसली जाईल.

धूर_निघाला
दुसऱ्या मुद्द्याचं बोलतो. सुडोने चालतंय म्हणजे हार्डवेअर, केबल, लायब्ररी सगळं ठीक. प्रश्न फक्त परवानगीचा. आणि तुमचा नियम बरोबर असूनही फाइलीचं नाव चुकलंय.

यूडेव्ह फाइली नावाच्या क्रमाने वाचतं. यूॲक्सेस टॅग लागलेल्या उपकरणावर लॉग-इन केलेल्या युजरला हक्क देण्याचं काम ७३-सीट-लेट.रूल्समध्ये होतं. तुमची फाइल ९९ ने सुरू होते, म्हणजे टॅग लागेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. नाव ७०-यूएसबीएएसपी.रूल्स करा, 'सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' द्या, प्रोग्रामर काढून लावा.

एक खाचही तपासा. एव्हीआरड्यूडच्या एररमध्ये प्रॉडक्ट क्रमांक ०एक्स५डीसी असा येतो. नियमात तो शब्दशः जुळवला जातो, म्हणून चारही अक्षरं हवीत: व्हेंडर १६सी०, प्रॉडक्ट ०५डीसी, इंग्रजी अक्षरं लोअरकेसमध्ये. पुढचं शून्य गाळलं तर नियम कधीच लागू होत नाही आणि एररही येत नाही. एसएसएचवरून (दुसऱ्या मशिनवरून) काम करत असाल तर यूॲक्सेसचा उपयोग नाही, तिथे नियमात ग्रुप प्लगडेव्ह आणि मोड ०६६० द्या.

यूएसबीएएसपी सिरीयल पोर्ट नाही, त्यामुळे पोर्टच्या यादीत तो शोधू नका.

पुलअप_दहा_के
तिसरा मुद्दा राहिला. २०.०४ वर पायथन ३.८ होता, २२.०४ वर ३.१० आहे. जुन्या एन्व्हायर्नमेंटमधला पायथन ही नुसती सिस्टिमच्या पायथनकडे जाणारी लिंक असते. आता ती ३.१० उघडते आणि पॅकेजेस पायथन३.१० च्या फोल्डरमध्ये शोधते, ती मात्र पायथन३.८ च्या फोल्डरमध्ये पडून आहेत. उचलून तिकडे टाकू नका. सी-मध्ये कंपाइल केलेले भाग जुळणार नाहीत. जुन्या साइट-पॅकेजेसमधल्या डिस्ट-इन्फो फोल्डरांच्या नावांत आवृत्त्या आहेत, त्या टिपून घ्या, मग फोल्डर उडवून नवं एन्व्हायर्नमेंट बनवा. आधी पायथन३-व्हेन्व पॅकेज टाकावं लागेल.

फ्यूजबिट_उलटा
बीआरएलटीटीवायच होतं. काढलं, पोर्ट आता टिकतो. यूएसबीएएसपी ७० नावाने सुडोशिवाय चालला. (शून्यही गाळलं होतं!) ईएसपीटूलही सुरू. पण नॅनोवर अपलोड करताना आता 'परमिशन डिनाइड'.

धूर_निघाला
कोरी सिस्टिम, म्हणजे ग्रुपची जुनी यादी गेली. पोर्टचा ग्रुप डायलआउट असतो आणि उबंटू नव्या युजरला त्यात घालत नाही. 'सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट' आणि पुढे तुमचं युजरनेम. यातला ए विसरू नका, नाहीतर सुडोसकट बाकीच्या ग्रुपमधून बाहेर फेकले जाल. मग मशिन रीस्टार्ट करा. न्यूग्रुप कमांडने फक्त त्या टर्मिनलपुरतं काम होतं, मेनूतून उघडलेल्या आर्डुइनो आयडीईला (कोड अपलोड करायच्या प्रोग्रामला) त्याचा पत्ता नसतो. पोर्टला चमॉड ६६६ मारण्याचा (सगळ्यांना हक्क देण्याचा) सल्ला कुठेतरी मिळेल. केबल काढली की तो फुकट जातो.

फ्यूजबिट_उलटा
परवानगी मिळाली. आता 'नॉट इन सिंक, रिस्पॉन्स ०एक्स००' (बोर्डशी संवाद जुळत नाही), दहा वेळा.

रजिस्टर_३२
आयडीई पण नवीन टाकला असेल, म्हणून बोर्डची निवड मूळपदावर आली. टूल्स, प्रोसेसर, त्यात 'एटीमेगा३२८पी (ओल्ड बूटलोडर)' निवडा. बूटलोडर म्हणजे बोर्डवरचा, अपलोड झालेला कोड घेणारा छोटा प्रोग्राम. जुना बूटलोडर ५७६०० बॉडच्या वेगावर बोलतो, नवा ११५२०० वर; क्लोन नॅनोत बहुधा जुनाच असतो.

त्यानेही जमलं नाही तर रीसेट पिन ग्राउंडला जोडून ठेवा, डी० आणि डी१ एकमेकांना जोडा आणि सिरीयल मॉनिटरवर काहीही टाइप करून पाठवा. तेच परत आलं तर केबल, सीएच३४० आणि ड्रायव्हर शाबूत आहेत, बिघाड बूटलोडरमध्ये आहे. यूएसबीएएसपी चालू आहेच, त्याने 'बर्न बूटलोडर' करा. तेव्हा 'एससीके (प्रोग्रामर चिपला देतो तो क्लॉक) पिरियड सेट करता येत नाही' अशी वॉर्निंग येईल, ती प्रोग्रामरच्या जुन्या फर्मवेअरमुळे; नॅनो १६ मेगाहर्ट्झवर असल्याने सोडून द्या. १ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोऱ्या चिपला मात्र प्रोग्रामरवरचा स्लो एससीकेचा जंपर लावावा लागतो, कारण एससीके चिपच्या क्लॉकच्या चौथाईहून कमी हवा.

फ्यूजबिट_उलटा
ओल्ड बूटलोडर निवडल्यावर पहिल्याच फटक्यात अपलोड झालं.