तारखेला दोष देऊ नका

शाळेचा वर्धापनदिन आणि गावचा वनमहोत्सव एकाच दिवशी धरला की झाडं फोटोपुरतीच उरतात, असं कुणीकुणी म्हणतं. अर्धंच पटलं. फोटो होणारच, त्याला इलाज नाही. पण वनमहोत्सवाची तारीख चुकीची नाही. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न आणि शेतीमंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पावसाचा हिशेब धरूनच. ५ जूनला, पर्यावरण दिनाला, लावलेलं रोप पाऊस लांबला की माना टाकतं, आणि तेव्हा शाळाही नुकतीच उघडलेली असते.

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात जुलैत भानगड उलटी. पाणी घालायचं नसतं, काढायचं असतं. आमच्या शाळेच्या पन्नाशीला खड्डे आदल्या दिवशी मारले, तेही मैदानाच्या सखल कडेला, कारण मांडव तिथून जवळ. रात्रभर कोसळला. सकाळी सगळे खड्डे तुडुंब. पोरांनी डब्यांनी पाणी उपसलं, पाहुण्यांनी रोप ठेवलं आणि वरून झारीनं पाणी घातलं! छत्री धरून, बरं का. गणपतीपर्यंत निम्म्यांची मुळं कुजली, बाकीची शेरडांनी खाल्ली. जगली ती दोन जांभळं. शिपाईमामांनी ती कुणाला न विचारता वरच्या बांधावर लावून भोवती करवंदीचे काटे रोवले होते. पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या मात्र अजून खालच्या चिखलात उभ्या आहेत, मराठी आणि कन्नड दोन्हीत.