मदत हवी आहे: चित्रकलेच्या वर्गात हुरूप कसा टिकवावा?

नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका शाळेत कलाशिक्षिका आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र यांचा सराव करून घेता घेता मुलांची स्वतःची रेघ हरवत चालली आहे, असे मला तीव्रतेने जाणवते. समुद्र नेहमी निळाच रंगवणाऱ्या आठवीतल्या एका मुलीला मी पावसाळ्यात बंदरावर नेले, तेव्हा तिने खाडीच्या गढूळ पाण्यासाठी तांबडी माती कालवून बोटानेच कागदावर ओढली आणि ओले बोट तसेच धरून ती कितीतरी वेळ पाहत राहिली. असे क्षण फार थोडे येतात. एरवी माझाही धीर खचतो.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला, जपली आहे आणि त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला, हे सांगितल्यावर मुलांचे डोळे चमकले. त्यांना तिथे न्यायचे आहे. परतल्यावर त्यांनी ती चित्रे नुसती उतरवून न काढता आपल्या गावची गोष्ट त्या रीतीने मांडावी, यासाठी आधी कोणती तयारी करून घ्यावी? आणि शिकवता शिकवता स्वतःचे चित्र काढणे आपण कसे चालू ठेवता, हेही अनुभवी शिक्षकांनी कृपया सविस्तर लिहावे.