वानर, माकड, केलडी: कोणाला काय म्हणायचं?

माझं माहेर नागपूरकडचं. तिथे आम्ही सरसकट 'माकडं' म्हणतो, फार तर 'वांदरं'. सासरी सिंधुदुर्गात मात्र कधी 'वानर आले' म्हणतात, कधी 'केलडी आली'. एकाच प्राण्याची ही दोन नावं आहेत की प्राणीच दोन?

— प्राणी दोन. काळं तोंड, राखाडी अंग, लांबसडक शेपूट तो वानर; हिंदीतला लंगूर. (संस्कृतात लांगूल म्हणजे शेपूट, त्यावरून लंगूर.) विदर्भात बहुतेक ठिकाणी दिसतो तो हाच, त्यामुळे तुमच्याकडे वेगळ्या शब्दाची गरजच पडली नसावी. केलडी म्हणजे लाल तोंडाचं, तपकिरी, अंगाने लहान माकड. डोक्यावरच्या केसांना मधोमध भांग पडून टोपी घातल्यासारखी दिसते. इंग्रजीतलं 'बॉनेट' हे नाव त्यावरूनच. माथेरान-महाबळेश्वरला हातातली पिशवी पळवतं ते हेच.

केसांपेक्षा गाल बघा. माकडाला गालात पिशव्या असतात: मिळेल ते भराभर कोंबायचं, झाडावर जाऊन सावकाश चघळायचं. वानराला त्या नसतात. त्याचं पोट गाईम्हशींसारखं कप्प्याकप्प्यांचं, आतले जिवाणू पानांचा चोथा पचवतात. म्हणून कोरड्या पानगळीच्या जंगलातही तो कोवळा पाला, कळ्या, फुलं, शेंगा यांवर राहू शकतो. खाताना निम्मा पाला खाली टाकतो आणि चितळं तो टिपायला झाडाखाली जमतात. माकडाला फळं, किडे, दाणे, शिळी पोळी, काहीही चालतं. बागायतदाराला विचाराल तर नुकसानीत दोघंही सारखेच!

तोंड तर उत्तरेकडच्या माकडाचंही लाल असतं. तेही केलडीच का?

— नाही. ते ऱ्हीसस. शेपूट आखूड, पार्श्वभाग लालसर, डोक्यावर टोपी नाही. टोपीवाल्याची शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब, आणि तो फक्त दक्षिण भारतात. ढोबळ सीमा तापी-गोदावरीची, पण ऱ्हीसस हळूहळू दक्षिणेकडे सरकतो आहे.

— 'माकडताप' या शब्दात हा भेद पार पुसला गेलाय. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा आजार सापडला. पसरतो गोचिडींतून, मरतात वानर आणि माकडं दोन्ही. त्यामुळे मेलेला प्राणी दिसला तर तो कोणता हा वाद घालत जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

आणि हुप्प्या? सासरे कुठल्याही दांडग्या नराला हुप्प्या म्हणतात.

— हुप्प्या वानरांतलाच. बऱ्याच टोळ्यांत एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिल्लं. उरलेले नर वेगळा कळप करून हिंडतात. टोळीचा नर पहाटे 'हुप्प हुप्प' असा घुमवतो की आवाज दूरवर जातो. केलडीचा नर कितीही दांडगा असला तरी 'हुप्प' करत नाही, तेव्हा हुप्प्याही नाही. सासऱ्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.