आईचा मालवणी मसाला ऑनलाइन विकायचाय, एकट्याने सुरुवात कुठून करू?

भांडुपचा_बाब्या
नमस्कार मंडळी. नोकरी करतो, घरी आई दरवर्षी एप्रिल-मे मध्ये मालवणी मसाला करते, मिरच्या गच्चीवर वाळवायच्या आणि मग लालबागला जाऊन डंकावर कुटून आणायचा. नातेवाईक, ऑफिसातले सगळे मागून नेतात आणि म्हणतात विकायला काढ. तर ऑनलाइन ब्रँड काढायचं डोक्यात आहे. पार्टनर वगैरे कोणी नाही, सगळं मीच बघणार, तेही ऑफिस सुटल्यावर. वेबसाइट प्लस अ‍ॅपचं एकाने ८५ हजारांचं कोटेशन दिलंय. शिवाय घाटी मसाला, मेतकूट, भाजणी, कोकम आगळ असं सगळं एकदमच आणावं म्हणतो, म्हणजे कॅटलॉग भरलेला दिसेल. सीझनलाच १०० किलो करून ठेवू का? जीएसटी, फूड लायसन्स यातलं ओ की ठो कळत नाही. जाणकारांनी सांगा.

खटपट्या_गिरगाव
अ‍ॅप?? बाबा रे, मसाला वर्षातून दोन-तीनदा घ्यायची वस्तू, त्यासाठी फोनमध्ये अ‍ॅप कोण ठेवतंय. ते ८५ हजार खिशातच राहू दे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग टाकता येतो, भाव-डिलिव्हरीची ठरलेली उत्तरं क्विक रिप्लायला सेव्ह होतात, पैसे आले, पार्सल गेलं अशी लेबलं लावता येतात, पैसे यूपीआयने घे, सुरुवातीला एवढं बास झालं. फक्त एक, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च लोक बसतात आणि ज्याने तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, त्यामुळे पहिल्या ऑर्डरलाच सांग की ताई नंबर सेव्ह करा.
आणि एकच मसाला. मालवणीच. मेतकूट-भाजणीवाले ढिगाने आहेत, तुझ्या आईचं नाव ज्यावर झालंय तेवढंच विक.

डंकवाली_काकू
१०० किलोचा नाद सोड बघू. जुलैत आपल्याकडची हवा कशी असते माहितीये ना, डब्याचं झाकण जरा सैल राहिलं की मसाल्याच्या गाठी होतात. आपण घरी बरणीत दाबून वर हिंगाचा खडा ठेवतो, गिऱ्हाईक पाऊच फोडून तसाच गॅसशेजारी ठेवणार आणि किडे झाले की फोटो तुला पाठवणार. आधी ५ किलो कर, ते संपलं की पुढचं.
त्याहून महत्त्वाचं, आई बेडगी किती घेते, संकेश्वरी किती, धणे किती, हे सगळं डोळ्याच्या अंदाजाने असणार. ते वजनकाट्यावर घेऊन लिहून काढ. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, थोडं इकडेतिकडे झालं तरी चव बदलते आणि पहिल्या बॅचचं गिऱ्हाईक दुसऱ्या बॅचला बरोब्बर ओळखतं. घरचे खपवून घेतात, पैसे मोजणारा नाही घेत.
भाव लावताना मिरची, गरम मसाला, डंकाची मजुरी, पाऊच एवढ्याची बेरीज करून वर थोडं चढवतात लोक. मिरच्यांची देठं खुडायला कोण बसतं? भाजताना ठसक्याने घर डोक्यावर कोण घेतं? आईचे तास आत्ताच भावात धर. पहिली गिऱ्हाइकं स्वस्तात लागली की नंतर भाव वाढवताना ती तुटतात.

नाक्यावरचा_सीए
टॅक्सचं सांगतो. माल महाराष्ट्रातच विकलास तर उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. पण राज्याबाहेर मसाला विकलास की पहिल्या रुपयापासून रजिस्ट्रेशन, मग बेंगळुरूच्या आत्येभावाने पैसे देऊन मागवलेलं पाकीट का असेना. म्हणून सध्या मुंबई-ठाणे-पुणे एवढंच धर, भरपूर आहे. मोठ्या साइट्सवर आधी सगळ्यांनाच जीएसटी नंबर लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नुसत्या एनरोलमेंट नंबरवर आपल्या राज्यात विकता येतं.
एफएसएसएआय, म्हणजे तू म्हणतोस ते फूड लायसन्स, मात्र घरगुती असलं तरी हवंच. छोट्यांसाठी बेसिक रजिस्ट्रेशन, फी वर्षाला १०० रुपये, त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर स्वतः भर. १४ आकडी नंबर येतो तो लेबलवर टाकायचा, सोबत घटक, निव्वळ वजन, तारीख, एमआरपी, पत्ता, तक्रारीचा फोन आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, पूर्ण फुकट आहे, त्याचे हजार-दोन हजार मागणारे एजंट दारातूनच परत पाठव.

भांडुपचा_बाब्या
थँक्यू सगळ्यांना. पण इतकं लहान ठेवलं तर सिरियसली कोण घेणार? इन्स्टावर बाकीच्यांची पेजेस बघितली की टेन्शन येतं. आणि कुरियर परवडतं का?

सीएसटी_ते_कल्याण
खटपट्यांशी थोडा असहमत, साइट नको पण नाव पक्कं करून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आजच घेऊन ठेव, नंतर दुसऱ्याने घेतलं तर लेबलं पुन्हा छापावी लागतील.
कुरियरला खोकं वापरू नकोस. बरेचसे कुरियरवाले वजन आणि आकारमान यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे पाव-पाव किलोची दोन पाकिटं २५×२०×१५ च्या खोक्यात टाकलीस तर ७५०० भागिले ५०००, दीड किलोचे पैसे, माल अर्धा किलो! साधी कुरियर बॅग घे, पाऊच आडवे झोपव. आणि लोकलने जातोसच तर वाटेतल्या स्टेशनवर तिकीट खिडकीजवळ हातात देता येतं की, तो खर्च शून्य.
इन्स्टाचे लाइक्स बघत बसू नकोस, नातेवाईकांचं कौतुक तर अजिबात धरू नकोस, ते फुकट खातायत. ज्यांची तुझी ओळख नाही अशा वीसेक घरांत पूर्ण भावाने जाऊ दे आणि त्यातल्या किती जणांनी न विचारता परत मागवला ते वहीत लिही. तो आकडा बरा आला तर पुढचं बोलू.

भांडुपचा_बाब्या
ठरलं, ५ किलो, फक्त मालवणी, फक्त महाराष्ट्र. एकच प्रॉब्लेम आहे, आई प्रमाण सांगायलाच तयार नाही, म्हणते हाताला कळतं 😄

डंकवाली_काकू
विचारूच नको रे तिला. ती घेते तसं घेऊ दे, तू फक्त प्रत्येक डबा तिने हात घालायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा काट्यावर ठेव. आणि लालबागला रविवारी जाऊ नकोस, सीझनला डंकावर नंबर लागता लागत नाही.