व्हाइटटेल हरणाच्या शिंगांचा स्कोअर (मापांची बेरीज) घरी कसा काढायचा? (बजेट ३० डॉलर)

मॅडिसनकर: मंडळी, मुलाने यंदा गन सीझनच्या (बंदुकीने शिकारीचा हंगाम) पहिल्याच शनिवारी बक (नर हरीण) मारला, आठ पॉइंटचा, म्हणजे शिंगांना आठ टोकं, दोन्हीकडे चार-चार. मित्र त्याला स्कोअर विचारतायत आणि आमच्या घरात कुणालाच ते येत नाही. मापायला नेमकं काय घेऊ? ३० डॉलरच्या वर जायचं नाहीये.

मिशिगनचा_वऱ्हाडी: भाऊ, शोल्डर माउंट करून घ्या, खांद्यापर्यंतचं मुंडकं भरून भिंतीवर. माझे आठशे गेले पण येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडेच बघतो. मापाबिपाचं नंतर बघू.

ओहायोची_ताई: ते तीस म्हणतायत, तुम्ही आठशे सांगताय! दादा, पाव इंच रुंदीची लवचिक स्टीलची टेप घ्या, झालं. शिवणकामाची टेप ताणली जाते, ती नको. मेन बीम, म्हणजे शिंगाची मुख्य दांडी, बाहेरच्या बाजूने, बुडापासून टोकापर्यंत. प्रत्येक टाइन (फाटा) जिथे बीमवर फुटतो तिथे बीमच्या वरच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायची आणि तिथून टोकापर्यंत मापायचं, एक इंचापेक्षा लहान असेल तर तो पॉइंट धरत नाहीत. बीमचे घेर दर बाजूला चार. टाइन बुडापासून जी-१, जी-२ असे मोजतात; तुमच्याकडे जी-४ नाही म्हणजे चौथा घेर जी-३ आणि बीमचं टोक यांच्या बरोब्बर मध्यावर, इथे बरेच जण चुकतात. सगळं इंचाच्या आठव्या भागात लिहा.

टेक्सासकर: टेप वळणावर घसरते. सायकलच्या ब्रेकची बारीक स्टील केबल घ्या, बीमवर लावून टोकाला क्लिप मारा, मग सरळ करून मोजा. मी तर सगळं केबलनेच करतो.

ओहायोची_ताई: घेराला टेपच लागते, केबलने नाही होत.

जुना_मिनेसोटा: घाई कशाला? शिकारीचे रेकॉर्ड ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब १८८७ चा, आणि आपण सगळे वापरतो ती स्कोअरिंगची पद्धत त्यांनी १९५० मध्ये आणली. त्यांच्या नियमाने शिंगं ६० दिवस सुकल्याशिवाय अधिकृत माप नाही, कारण सुकताना ती आक्रसतात. त्यांचे मापक स्वयंसेवक असतात, मापायचे पैसे घेत नाहीत, म्हणजे तुमचे ३० पण वाचले. एकच सांगतो, कवटी कापू देऊ नका. आमच्या टॅक्सिडर्मिस्टने (जनावरं भरून देणारा) न विचारता मधोमध चिरली आणि माझा बक रेकॉर्डमधून कायमचा बाद. अजून राग येतो.

मिशिगनचा_वऱ्हाडी: नेट स्कोअर हा प्रकारच मला पटत नाही. डावं-उजवं जुळत नाही म्हणून वजा? जनावराने वाढवलंय ना ते? काही वजा न केलेला ग्रॉसच खरा.

जुना_मिनेसोटा: मग टिपिकल (दोन्हीकडे जुळती शिंगं) कशाला म्हणायचं? मिलो हॅन्सनचा सॅस्कॅचेवानचा १९९३ चा बक २१३ ५/८ नेटवरच पहिला आहे. आणि नॉन-टिपिकलमधला (वेडेवाकडे जादा फाटे असलेली शिंगं) सगळ्यात मोठा, मिसुरीचा ३३३ ७/८ वाला, तो तर १९८१ मध्ये मेलेलाच सापडला.

कोल्हापूरकर: ही शिंगं गावी आणता येतील का? आमच्या वाड्यात आजोबांच्या वेळची सांबराची आहेत.

ओहायोची_ताई: वाड्यातल्यांचं मालकीचं सर्टिफिकेट आहे का ते आधी बघा, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. आणि दादांनी गावी न्यायचं म्हटलेलंच नाही. त्यांनी फक्त मेंदू नीट साफ करावा, सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या रोगामुळे राज्याबाहेर नेताना अडवतात.

टेक्सासकर: तेच म्हणतो, टेप घ्या. आणि केबल.

मॅडिसनकर: टेप आणली, काल रात्री मुलाबरोबर मापलं. इनसाइड स्प्रेड (दोन बीममधलं आतलं अंतर) १६ ४/८. बीम उजवा २२, डावा २१ २/८. जी-१ ४ आणि ३ ४/८, जी-२ ९ आणि ८ २/८, जी-३ दोन्हीकडे ७ ४/८. घेरांची बेरीज दोन्हीकडे १५ ४/८. ग्रॉस १३० ४/८, फरकाचे २ वजा, नेट १२८ ४/८.

जुना_मिनेसोटा: पहिल्या बकला १२८! बून अँड क्रॉकेटच्या १७० पासून लांब आहे, पण पोप अँड यंगला टिपिकलसाठी १२५ च लागतात.

ओहायोची_ताई: ते धनुष्याचं रेकॉर्ड आहे हो, पोराने रायफलने मारलाय.

मॅडिसनकर: आम्ही मापकाकडे जात नाही, ६० दिवसही थांबत नाही आणि माउंटही नको. पोराला १३० ४/८ हाच आकडा हवाय, स्वतःच्या हाताने मापलाय म्हणतो, तोच पाटीवर जाईल. कवटी शनिवारी घरीच उकळणार. शिंगांची बुडं पाण्याबाहेर ठेवायला काय बांधता तुम्ही?

मिशिगनचा_वऱ्हाडी: बुडांवर फॉइल गुंडाळा. आणि ब्लीच नको, पेरॉक्साइड. पण शोल्डर माउंटचा एकदा विचार कराच.