ज्याच्यावाचून तुमचं स्वयंपाकघर अडतं, अशी एक वस्तू : अनुभव लिहा

स्वयंपाकघरासाठी काही घ्यायला गेलं की दुकानदार वस्तूचे गुण सांगतो, जाहिरात तर सांगतेच. पण रोज वापरणाऱ्याला जे ठाऊक असतं ते कुठे छापलेलं नसतं. धार कधी जाते, रबर कुठे मिळतं, धुताना काय करायचं नाही, कोणत्या पदार्थाला ती वस्तू चालतच नाही. म्हणून हा धागा. एकाच वस्तूबद्दल लिहा, जुनी असो, नवी असो, विजेवर चालणारी असो. ती सांभाळता कशी आणि कुणी तिच्या वाटेला जाऊ नये, तेही मोकळेपणाने सांगा.

सुरुवात मी करते, विळीपासून. आमच्या रत्नागिरीकडे तिच्याशिवाय पान हलत नाही. पातं जागचं हलत नसल्यामुळे दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. लाल भोपळा अंगाचा भार देऊन फोडता येतो आणि त्याच पात्यावर अळूच्या पानांची गुंडाळी अगदी बारीक चिरता येते. फणसाच्या दिवसांत तिची खरी कसोटी. पात्याला आणि तळव्यांना खोबरेल चोळूनच बसायचं. चीक पाण्याला दाद देत नाही, तेलानेच सुटतो. टोकाच्या खवणीवर नारळ खवताना वाटी सारखी फिरवत राहायची, एकाच जागी दाबायचं नाही, आणि तांबूस पाठ दिसायला लागली की थांबायचं. नाहीतर सोलकढीचा रंग मळतो.

पातं लोखंडीच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. लिंबू, कैरी कापली की लगेच धुऊन, कोरडं पुसून तेलाचं बोट फिरवायचं. काम झालं की विळी मिटून ठेवायची, मिटत नसेल तर आडवी पाडून ठेवायची. घरात रांगतं मूल असेल तर या नियमाला अपवाद नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची विळी मिळते. सासूबाई आता तीच वापरतात आणि उभ्या उभ्या सगळी भाजी चिरून देतात.

पुण्याहून

पुरणयंत्र. वर्षातून मोजक्याच वेळा निघतं, पण त्या दिवशी त्याला पर्याय नाही. मिक्सरमधलं पुरण चिकट होतं आणि पोळी लाटताना कडेला जात नाही, मध्येच गोळा होऊन बसतं. यंत्रातून पडणारं पुरण मऊ आणि मोकळं असतं. गुपित एकच, पुरण गरम असतानाच फिरवायचं. गार झालं की दांडा जागचा हलत नाही आणि मनगट भरून येतं. म्हणून मी गॅसवरून थोडं थोडं काढत राहते, उरलेलं झाकून ठेवते.

चकत्या दोन तरी हव्यात. बारीक भोकांची पुरणाला, मोठ्या भोकांची उकडलेल्या बटाट्याला. चिंचेचा कोळही यातून सुरेख निघतो, चोथा आणि दोरे वर राहतात. यंत्र धुऊन झाल्यावर स्प्रिंगच्या जागी पाणी राहू देऊ नका. चकती वाकली, हरवली तर अख्खं यंत्र नवं घ्यायची गरज नसते, जुनी सोबत घेऊन तुळशीबागेत गेलात तर मापाची मिळण्याची शक्यता असते.

लेहहून, सैन्यातल्या कुटुंबातून

माझी वस्तू म्हणजे साधा पाच लिटरचा प्रेशर कुकर. महाराष्ट्रात असताना तो सोय म्हणून वापरायचे, इथे तो नसेल तर जेवण होत नाही. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब इतका कमी की पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पातेल्यात पाणी खळखळत असतं आणि तांदूळ मात्र आतून कच्चाच राहतो. नवीन आलेल्या घरांत पहिल्या दिवशी हाच गोंधळ होतो.

कुकर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाइतका जास्त दाब धरतो. समुद्राकाठी त्यामुळे आतलं तापमान १२० अंशांपर्यंत जातं. इथे बाहेरचा दाबच कमी, म्हणून ११५ च्या आतबाहेर. डाळ शिजते, पण घरच्यापेक्षा जास्त वेळ घेते. कडधान्यं रात्रभर भिजवून, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून ठेवायची. शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बघा. शिट्टी आचेवर अवलंबून असते, शिजणं वेळेवर.

पिंपरी, पीजीत राहतो

दोरी ओढायचा चॉपर. कांदा चार फोडी करून टाकायचा, आठ-दहा वेळा दोरी खेचली की पोह्यांना चालेल असा बारीक. वीज नको, ओटा नको, खाटेवर बसून होतं. पालेभाजीला मात्र वापरू नका, कोथिंबिरीचा चोथा होतो. झाकण नळाखाली धरू नये, दोरीच्या चक्रीत पाणी गेलं की दोरी परत आत जात नाही. ओल्या फडक्याने पुसायचं.

सोलापूरहून

काटवट. एका लाकडात कोरलेली मोठी परातच म्हणा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. सगळं एकदम मळून ठेवता येत नाही, एकेका भाकरीपुरतं घेऊन तळव्याच्या टाचेने रगडावं लागतं, तेव्हा ते जुळून येतं. स्टीलची परात अशा वेळी ओट्यावर फिरते, काटवट जड असल्याने जागा सोडत नाही. कड उंच, त्यामुळे भाकरी थापताना पीठ बाहेर सांडत नाही. पाण्यात भिजत घालायची नाही, उन्हात तापवायची नाही, नाहीतर चीर पडते. ओल्या हाताने पीठ खरवडून काढायचं, पुसायचं आणि सावलीत भिंतीला टेकवून ठेवायचं. फ्लॅटमध्ये जागा खाते हे खरं. तरी माझ्या ओट्यावर तिची जागा ठरलेली आहे.

न्यू जर्सीहून

इथे यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते, भारतातला मिक्सर बॅगेत भरू नका. तिथे घरात २३० व्होल्ट, इथे १२० व्होल्ट. प्लग बदलून काही होत नाही, मोटर जेमतेम फिरते. ट्रान्सफॉर्मर जोडून चालवणारे आहेत, पण ७५० वॅटच्या मिक्सरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो आणि ओट्यावर कायमचा ठाण मांडतो. इथल्या विजेवर चालणारे भारतीय पद्धतीचे मिक्सर मिळतात, तोच घ्या. इथले उंच काचेचे ब्लेंडर स्मूदीला ठीक, पण वाटीभर ओलं खोबरं आणि चार मिरच्या त्यात वाटल्या जात नाहीत, सगळं काचेला चिकटून बसतं. चटणीला स्टीलचं लहान भांडंच हवं, पातं तळाशी लागून फिरणारं. माझी त्या लहान भांड्यावर फार माया आहे. लसणाची सुकी चटणी, दाण्याचं कूट, गोडा मसाला, सगळं त्यातच होतं.

जळगावहून

इथे खापराचं नाव निघालं नाही म्हणून लिहितो. आमच्या खानदेशात मांडे तव्यावर होत नाहीत, खापरावर होतात. मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घालायचं, खालून जाळ. पोळी लाटून नव्हे, हातावर वाढवतात. गहू ओलवून दळलेले, पीठ वस्त्रगाळ केलेलं, कणीक सैल भिजवून भरपूर तिंबलेली. पुरण भरलेला उंडा आई या हातावरून त्या हातावर घेते आणि पोळी कोपरापर्यंत पसरत जाते, पलीकडचा जाळ दिसावा इतकी पातळ. मग दोन्ही हातांनी खापरावर अलगद सोडायची. एकदा पडली की सरकवता येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, हीच पोळी आणि आमरस.

नवं खापर थेट मोठ्या जाळावर ठेवू नये. आधी पाण्यात भिजवून, वाळवून, मंद आचेवर हळूहळू तापवायचं. तापलेल्या खापरावर पाण्याचा थेंबही नको, तडा जातो. साबण लावायचा नाही, माती तो शोषून घेते. गॅसवर जमतं का? लहान खापर जमतं, पण आच मधोमध लागते आणि कडा कच्च्या राहतात. मोठं खापर असेल तर अंगणात तीन विटा मांडणं बरं.

म्युनिकहून

आमच्याकडे भाड्याच्या घरात इंडक्शन आहे. आईने दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही, तळ लोहचुंबकाला चिकटणारा हवा. आता भांडं घेताना खिशात फ्रिजवरचं चुंबक असतं. तळाला घट्ट चिकटलं तर घ्यायचं. बिडाचा तवा इंडक्शनवर उत्तम चालतो, फक्त काचेवरून ओढायचा नाही, उचलायचा. तव्याबद्दल कुणी सविस्तर लिहाल का?

सावंतवाडीहून

लिहिते की. घावनांना बिडाचाच तवा. नवा तवा आधी भाताच्या पेजेत दोन-तीन दिवस बुडवून ठेवायचा, पेज रोज बदलायची. मग धुऊन, विस्तवावर पूर्ण कोरडा करून तेलाचा पातळ हात द्यायचा आणि धूर येईपर्यंत तापवायचा. गार झाला की पुन्हा तेच. तापलेलं तेल लोखंडावर पक्कं बसतं आणि काळा तुकतुकीत थर तयार होतो, घावन सुटतं ते त्या थरामुळे. तेल जास्त ओतलंत तर थर चिकट होतो, म्हणून लावून पुसून टाकायचं, दिसताही कामा नये. पहिली एक-दोन घावनं चिकटतील, ती चिकटू द्या.

रोज तेल लावायला अर्धा कांदा, देठाकडून काट्याला टोचलेला. म्युनिकच्या ताई, तुमच्या काचेच्या शेगडीवर तवा एकदम मोठ्या आचेवर तापवू नका, हळूहळू चढवा. आणि त्या तव्यात कोकमाचं, चिंचेचं काही शिजवायचं नाही. थर जातो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

नाशिकहून

डिजिटल वजनकाटा. घरून केकच्या ऑर्डर घेते. मैद्याचा एक कप हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० च्या घरात. मग एकदा केक हलका होतो, एकदा घट्ट, आणि कारण सापडत नाही. काटा आल्यापासून भाजणीही वजनावर करते. भांडं ठेवून शून्य करायचं, एक जिन्नस, पुन्हा शून्य, पुढचा जिन्नस. एकाच भांड्यात काम होतं. यीस्ट, सोडा यांसारख्या चिमूटभर गोष्टींना मात्र साधा काटा भरवशाचा नाही, त्याला चमचाच बरा.

साताऱ्याहून

पितळेचं पातेलं, कल्हई केलेलं. बुडाला सगळीकडे सारखी आच लागते, आमटी तळाला धरत नाही. पण कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवलंत तर कळकलंच म्हणून समजा. चवीला तर वाईट, पोटालाही वाईट.

कल्हईवाला समोर बसून काम करतो तेव्हा जरूर बघा. पातेलं आधी घासूनपुसून घेतो, भात्याने निखारे फुलवून तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर उठतो, त्याचा वास नाकात जातो आणि पितळ एकदम स्वच्छ दिसायला लागतं. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवतो. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून ते लगेच पातळ होऊन धावायला लागतं, आणि कापसाच्या बोळ्याने तो ते आतून सगळीकडे फिरवतो. म्हणूनच रिकामं कल्हईचं भांडं गॅसवर विसरायचं नाही, थर वितळून जागोजागी गोळे होतात. तारेच्या घासणीनेही घासायचं नाही, चिंचेचा चोथा आणि राख पुरते. आत पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई. कुणाकडे येणारा कल्हईवाला असेल तर सोसायटीतल्या चार घरांची भांडी एकत्र काढा, तरच त्याला येणं परवडतं.

पुन्हा लेहहून

तिघींनी कुकरचं रबर सैल पडतं तेव्हा काय करायचं असं विचारलंय. रोज झाकणातून काढून धुवा आणि कोरडं होईपर्यंत परत बसवू नका. वाफ कडेने यायला लागली तर थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा, एखादा दिवस निभावतो, पण नवं आणायची वेळ झाली आहे एवढं समजा. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आपल्याच कुकरच्या कंपनीचे आणि त्याच मापाचे घ्या, इथे काटकसर नको. आणि झाकण लावण्याआधी शिट्टी काढून ती नळी रोज उजेडाकडे धरून बघा. साबुदाणा, हरभऱ्याची सालं, पालेभाजीचं पान तिथेच अडकतं. आरपार उजेड दिसला तरच झाकण लावा.