मदत हवी आहे: पद्मिनीचे वायपर मध्येच अडकतात

नमस्कार मंडळी, बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचे वायपर फार हळू चालतात आणि बटण बंद केलं की काचेच्या मधोमधच थांबतात. पूर्वी आपोआप खाली येऊन बसायचे.

मोटर लिंकेजपासून (मोटरला वायपरशी जोडणाऱ्या दांड्यांपासून) सोडवून थेट बारा व्होल्टवर लावली, तर झकास फिरते. पण वायपरचा स्पिंडल (ज्यावर वायपर फिरतो तो दांडा) हाताने फिरवला की जाम लागतो. कडेला हिरवट गंज आहे, जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालंय. म्हणजे जडपणा लिंकेज आणि बुशमध्येच (स्पिंडल ज्यात फिरतो त्या कड्यांमध्येच) असावा. मधेच थांबण्याचं कारण मात्र मोटरमधला पार्किंग स्विच (बटण बंद केल्यावर वायपर खाली आणून थांबवणारा) वाटतो. त्याचे पॉइंट पॉलिश पेपरने साफ केले तर चालेल का?

स्पिंडल डॅशबोर्डखालून निघतो की वरची जाळी काढावी लागते? पुण्यात नाना पेठेत बुश मिळतील का, की लेथवर पितळी करून घ्यावेत? एक मेकॅनिक मारुतीची मोटर बसवून देतो म्हणतात, पण मला मूळचीच ठेवायची आहे. बाबांनी ही गाडी जिवापाड जपली आहे.

पुण्यात जुन्या गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम मन लावून करणारं कुणी असेल तर कृपया सुचवा. पावसाळा तोंडावर आलाय.